ओल्या बुढ्याची कबुली

मी ओला बुढा बोलतोय. दगड बोलतो म्हणून दचकू नका; बोलायची वेळच तशी आली आहे. माझ्या हातून एक गुन्हा घडला. हात नाहीत मला, तरी घडला. ज्या बाईनं तिच्या वाटणीचं पाणी मला पाजलं, तिचंच नाव माझ्यामुळे चारचौघांत खराब झालं. हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

आधी पत्ता सांगतो. यवतमाळ जिल्हा म्हटलं की लोकांना काळी माती आणि काळा दगड आठवतो. पण जिल्ह्याच्या पार कोपऱ्यात, झरीच्या पुढं, पैनगंगेच्या अलीकडं चुनखडीच्या टेकड्या आहेत. त्यातल्या एकीच्या पोटात आमची गुहा. तोंड इतकं ठेंगणं, की आमदार असो की मास्तर, आत यायचं तर वाकूनच यावं लागतं. टेकडीच्या पायथ्याशी कोलाम आदिवासींचं पोड आहे, म्हणजे पंचवीस-तीस घरांची वस्ती. गुहेच्या मागच्या भिंतीपाशी मी उभा असतो. उंची बाईमाणसाच्या कमरेइतकी.

शाळेच्या पुस्तकात माझ्यासारख्याला लवणस्तंभ म्हणतात. माझ्यात मीठ चिमूटभर नाही, मी सगळा चुन्याचा. पण पुस्तकाशी कोण हुज्जत घालणार? पोडातली माणसं मला ओला बुढा म्हणतात, ते मला पटतं. डोकं बहुतेक सगळं वर्ष ओलं असतं, आणि वय विचारायची सोय नाही.

माझा जन्म थेंबातून झाला. सागाच्या पाल्यावर पाऊस पडतो, ते पाणी मातीत मुरतं. मातीत मुळं श्वास टाकतात, तो वायू पाण्यात मिसळला की पाणी किंचित आंबट होतं. आंबट पाण्याला चुनखडीची गोडी फार. भेगाभेगांतून उतरताना ते दगड चाटत येतं, चुना पोटात घेतं आणि आमच्या छताला येऊन लोंबतं. गुहेच्या हवेत त्याच्यातला वायू उडून जातो, मग पोटातला चुना त्याला पेलवत नाही. तो माझ्या डोक्यावर ठेवून पाणी मोकळं होतं. असा मी वर्षाला केसाच्या जाडीएवढा वाढतो.

आता जरा बारकी गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. पाणी नुसता चुना आणत नाही. त्याच्यासोबत मॅग्नेशियम असतं, स्ट्रॉन्शियम असतं, बेरियम असतं. ही नावं मला अलीकडं कळली. चव मात्र पहिल्यापासून ओळखीची. पावसाळ्याचा पहिला लोट मातीतून जस्त, तांबं, फॉस्फरस असलं कायकाय ओढून आणतो. भरपूर पावसाच्या वर्षी पाणी घाईघाईनं येतं, चुना भरभरून आणतं, त्यात मॅग्नेशियमचा वाटा थोडा. पाऊस आखडला की थेंब वरच्या पोकळ्यांत रेंगाळत बसतो आणि अर्धा चुना तिथंच उतरवून येतो. मॅग्नेशियमला दगडात बसायची घाई नसते, ते पाण्यातच राहतं. त्यामुळे माझ्यापर्यंत पोचतो तो थेंब चुन्याला हलका आणि मॅग्नेशियमला जड. माझा त्या वर्षीचा थर तसाच होतो.

म्हणजे ओल्या-सुक्या सालांचा हिशेब माझ्या अंगात आहे, पण तो मी मांडलेला नाही. पाणी जे आणील ते मी ठेवून घेतो. त्यात निवड नाही, नावड नाही. ठेवून घेणं हा माझा स्वभाव, आणि तोच पुढं नडला.

माणसं इथं मधूनमधून येत. त्यांची एक खोड मी फार वर्षं पाहतोय: गुहेत शिरलं की आधी ओरडायचं. स्वतःचाच आवाज परत आला की खूश व्हायचं आणि पुन्हा ओरडायचं. काहींना नाव लिहायची हौस. माझ्या डाव्या अंगावर कुणीतरी कोळशानं बदाम काढून ठेवलाय, त्यातली दोन नावं आता एकमेकांशी बोलत असतील की नाही, देव जाणे. मोबाइल आल्यापासून लोक माझ्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढतात. हाताचं तेल लागलं की तिथं चुना नीट बसत नाही, पण सांगणार कसं?

या सगळ्यांत न ओरडणारी एकच बाई होती. रुपीबाई टेकाम. पन्नाशीची, काटक, एकटी राहणारी. उन्हाळ्यात मोहफुलं वेचायची, तेंदूपत्ता तोडायची, कापसाच्या दिवसांत खालच्या शेतांत वेचणीला जायची. येता-जाता दुपारी टेकायला गुहेत यायची. आली की पदरानं तोंड पुसायची, माझ्याकडं बघायची आणि नुसतं म्हणायची, "बुढ्या, बरा आहेस ना?" मी बरा असायचो.

गेल्याच्या गेल्या वर्षी, पोळा झाल्यावर, एक पोरगी डोक्याला दिवा बांधून आत आली. जया मुनेश्वर. आर्णीची. आर्णीत तिच्या बापाचं, धर्मपालचं, टू-व्हीलर दुरुस्तीचं दुकान. आई शीला शाळेत खिचडी शिजवते. पोरगी शिकत शिकत नागपूरपर्यंत गेली आणि आता घरी राहून माझ्यासारख्या दगडांवर पीएचडी करते. घरात एवढी शिकणारी ती पहिलीच. ती माझ्यापुढं उकिडवी बसली आणि हात न लावता बराच वेळ पाहत राहिली. मला ती आवडली.

रुपीबाई तेव्हा कोपऱ्यात बसलेली होती. जयाला अंधारात आधी दिसलीच नाही. दिसली तेव्हा जया घाबरली, मग दोघी हसल्या.

"काय शोधून राह्यली, मॅडम?" रुपीबाईनं विचारलं.

"मावशी, या बुढ्याच्या पोटात जुन्या पावसाच्या खुणा आहेत. कोणतं साल ओलं, कोणतं कोरडं. त्या मले वाचाच्या आहेत."

"मंग वाच ना."

"अक्षरं कुठं येतात? आधी आजचं पाणी समजा लागते. पाण्यात काय काय आहे, त्यातलं बुढ्याच्या अंगात किती बसते, हे वर्ष-दीड वर्ष पाह्यलं, की मंग जुनं वाचता येते. पण दर आठवड्याले मी आर्णीहून कशी येऊ?"

रुपीबाईनं माझ्याकडं पाहिलं, मग छताकडं. "मी येतोच ना इथं," ती म्हणाली. इकडल्या बाया अशाच बोलतात, "येतो, जातो."

असं ठरलं. जयानं माझ्या डोक्यावर एक काचेची पट्टी ठेवली. थेंब पट्टीवर पडणार, तिच्यावर नवा चुना चढणार, जास्तीचं पाणी ओघळून माझ्या अंगावर येणार. रुपीबाईनं दर शनिवारी यायचं. पाच मिनिटांत किती थेंब पडले ते मोजून वहीत लिहायचं. मग थेंबाखाली छोटी बाटली धरून भरायची, झाकण घट्ट लावायचं, तारखेची चिठ्ठी चिकटवायची. महिन्याच्या बाटल्या जवळच्या मुकुटबन गावाहून एसटीच्या पार्सलनं आर्णीला जायच्या.

चिठ्ठ्या जयानं आधीच लिहून ठेवल्या होत्या. प्रत्येकीवर खाली नाव: रुपीबाई टेकाम.

"हे माह्यंच नाव आहे काय?" तिसरीपर्यंत शिकलेली रुपीबाई अक्षरावर बोट ठेवून म्हणाली.

"हो. पाणी कोणी घेतलं ते लिहा लागते. माझ्या पुस्तकातबी येईन तुमचं नाव."

 पहिली बाटली भरली त्या दिवशी रुपीबाई ती तशीच हातात धरून खाली उतरली आणि पोडात दहा घरी दाखवून आली. दुसऱ्या शनिवारी तिनंच मला सांगितलं. सांगताना हसू दाबत होती.

काम तिनं असं केलं, की मास्तरांनाही जमू नये. पदराच्या गाठीत मोहाच्या बिया आणायची. दहा थेंब झाले की एक बी डाव्या हातातून उजव्या हातात. जयानं दिलेल्या घड्याळाचा गजर वाजला की बिया मोजायची आणि वहीत आकडा टाकायचा. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून भिंतीच्या कोनाड्यात ठेवायची. पावसात आली, थंडीत आली, तापात आली. एकदा पायात काटा मोडला होता तरी लंगडत आली आणि मलाच म्हणाली, "नाव लिवलं आहे ना बाटलीवर, मंग कसं करू?"

बाटल्या जायच्या त्या जयाच्या आईच्या, शीलाच्या स्टीलच्या डब्यातून. डबा आर्णीहून यायचा तो रिकाम्या बाटल्या आणि चिवडा घेऊन. परत जाताना त्यात बाटल्यांसोबत मूठभर चारोळ्या, कधी वाळलेली मोहफुलं. आपल्या लोकांत ही रीतच आहे. शेजारणीची वाटी परत करायची तर साखरेचे चार दाणे तरी घालून करायची. रिकामं भांडं कुणाच्या घरी पाठवणं म्हणजे त्या घरात रितेपण पाठवणं. जया हळूहळू रुपीबाईची "पोरी" झाली. "मॅडम" कधी गळालं ते त्या दोघींनाही कळलं नाही.

मग उन्हाळा आला. फाल्गुनात पाच मिनिटांत वीस थेंब, मग बारा. चैत्रात तीन. थेंब छताला लोंबून राहायचा, पडायचं नावच नाही. बाटली भरायला रुपीबाई दुपारभर बसायची. वैशाखातल्या पहिल्या शनिवारी ती आली तेव्हा छत कोरडं होतं. माझं डोकंही कोरडं होतं. अशी सालं मी पूर्वी पाहिली आहेत, पण तिनं पाहिली नव्हती.

ती माझ्यासमोर बसली. गजर लावला. पाच मिनिटं वर पाहत राहिली. गजर वाजला. पुन्हा लावला. असं चारदा केलं. मग वही काढली, शून्य काढलं, आणि पेन्सिल तोंडात धरून विचार करत बसली.

तिच्याजवळ पाण्याची एक बाटली होती, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. पोडातला हातपंप तेव्हा नुसता खडखडत होता. दीड कोसावर, सडकेच्या कडेला दुसरा हातपंप आहे, तिथून बाया पाणी आणत. त्याच पाण्यातली ती बाटली. टेकडी चढून आल्यावर तिनं अजून घोटसुद्धा घेतला नव्हता, ओठ फुटले होते.

"रिती बाटली कशी धाडू?" ती मला म्हणाली. "माय म्हणे, कोणाचं भांडं रितं धाडू नाई. पोरगी तिकडं वाट पाहून राह्यली असंन. तिचं एवढं मोठं काम."

आणि तिनं फडकं सोडलं, जयाची छोटी बाटली आपल्या पाण्यानं काठोकाठ भरली, झाकण लावलं, चिठ्ठी चिकटवली. वहीत शून्याच्या पुढं दोन शब्द सावकाश लिहिले. मग तिच्या बाटलीत दोन-तीन घोट उरले. ती तोंडाला लावणार तोच थांबली.

"तूबी तहानला असशीन ना रे बुढ्या," म्हणाली, आणि अर्धं पाणी माझ्या डोक्यावर ओतलं.

पट्टी भिजली, पाणी ओघळलं, माझ्या कोरड्या माथ्यात उतरलं. मला कळत होतं, हे पाणी माझ्या छताचं नाही. चवच वेगळी. फ्लोराइड जास्त, खारटपणा जास्त, स्ट्रॉन्शियमचा वाटा निराळाच. हे पाणी माझ्यात बसलं तर पुढं कुणाला तरी चकवणार, तेही कळत होतं. मला नको म्हणता येत नाही, हे खरं. पण त्या दुपारी मला नको म्हणावंसं वाटलंच नाही, हे त्याहून खरं. मी ते पाणी प्यायलो, आणि मला बरं वाटलं.

असे पाच शनिवार झाले. पाचही वेळा ती बाटली भरायची, शून्य लिहायची, पुढं दोन शब्द लिहायची, आणि मला माझा वाटा द्यायची. पाचही वेळा मी घेतला. तिनं स्वतः किती घेतलं ते मी पाहिलं आहे.

मृग लागला, छत पुन्हा टपकू लागलं. रुपीबाईच्या बिया पुन्हा एका हातातून दुसऱ्या हातात जाऊ लागल्या. दिवाळीनंतर जया आली ती पट्टी बदलायला. रुपीबाई त्या दिवशी वेचणीला गेली होती. जया एकटीच होती आणि एकटं माणूस गुहेत स्वतःशी बोलतंच.

"बुढोबा, तुम्ही तर कमाल केली," ती म्हणाली. "भर उन्हाळ्यातबी तुमचं पाणी चालू! म्हणजे वर डोंगरात पाण्याचा साठा आहे."

तिनं जुनी पट्टी काढून डबीत ठेवली, नवी लावली. कोनाड्यातली वही हातात घेतली, वरचं प्लॅस्टिक पाहिलं. "मोहाच्या बियांवरची मोजणी," ती हसून पुटपुटली, "सर मानणार आहेत काय?" आणि वही होती तशी ठेवून दिली.

मी तिथं होतो. कोनाडा माझ्यापासून दोन हातांवर. त्या वहीत काय आहे ते मला ठाऊक होतं. एवढे हजारो थेंब झेलले, पण त्या दिवशी मला एक शब्द हवा होता आणि तो माझ्याजवळ नव्हता.

माघात ती परत आली. सोबत तिचे सर होते, आणि दिवे धरायला पोडातले दोघं जण. रुपीबाईला बोलावून आणलं होतं. नवी साडी नेसून आली होती बिचारी. तिला वाटलं, मोठे साहेब काम पाहायला आले.

सरांनी वेळ घालवला नाही. "जया म्हणाली उन्हाळ्यात पाणी चालू होतं. मग पट्टीवर त्या महिन्यात चुना का वाढला नाही? तिथं नुसता एक मळकट पापुद्रा आहे. तो तपासला. त्यात जे आहे, तेच त्या पाच बाटल्यांत आहे, आणि तेच सडकेवरच्या हातपंपाच्या पाण्यात आहे."

म्हणजे माझ्या डोक्यावरच्या पट्टीनं सगळं सांगून टाकलं होतं. ज्या पाण्यानं माझा जीव थंड झाला, त्याचाच डाग मी साक्षीला दिला होता.

"हो," रुपीबाई म्हणाली. "बोरिंगचंच पाणी व्हतं ते."

"कबूल आहे तर!"

"कबूल कायचं, साहेब? रिती बाटली धाडा लागत व्हती काय?"

दिवे धरणारे दोघं फिसकन हसले. सर मात्र लाल झाले. "दीड वर्ष विश्वासानं काम दिलं, आणि बाईनं घरबसल्या बाटल्या भरल्या. या पोरीचं सगळं काम पाण्यात गेलं, कळतंय का?"

रुपीबाईला त्यातलं "घरबसल्या" तेवढं कळलं. तिनं सरांकडं पाहिलं नाही, जयाकडं पाहिलं. सर परके होते, ते काहीही म्हणोत. पोरगी काय म्हणते ते तिला ऐकायचं होतं.

जयाचा चेहरा उतरला होता. दीड वर्षाची मेहनत, सरांसमोरची लाज, घरी काय सांगू ही धास्ती, सगळं एकदम तोंडावर आलं होतं. तिनं विचारलं, "मावशी, तुम्ही इथं येत तरी होत्या काय?"

गुहेत एवढे लोक ओरडून गेले, पण त्या हळू आवाजातल्या वाक्याएवढं मला काही लागलं नाही. मला ओरडायचं होतं. आली होती! पायात काटा घेऊन आली होती! सत्तरावर शनिवार आली होती, एकही चुकला नाही! पण माझ्यात हे कुठं उमटतं? मॅग्नेशियम उमटतं, स्ट्रॉन्शियम उमटतं. बाई चालत आली, हे कोणत्या थरात सापडणार?

रुपीबाई कोनाड्यापाशी गेली. वही काढली, प्लॅस्टिक सोडवलं आणि जयाच्या हातात दिली.

"वाचून घ्या, मॅडम," म्हणाली, आणि वाकून गुहेबाहेर निघून गेली.

जयानं दिव्याच्या उजेडात पानं उलटली. प्रत्येक शनिवारची तारीख, प्रत्येक तारखेसमोर आकडा. पावसाळ्यात मोठे, हिवाळ्यात लहान, मग बारा, तीन. मग पाच शून्यं. प्रत्येक शून्यापुढं, वाकड्यातिकड्या अक्षरांत, तेच दोन शब्द: घरचं पाणी.

तिनं काहीच लपवलं नव्हतं. जे केलं ते त्याच दिवशी लिहून ठेवलं होतं. तिच्या लेखी वही ही खऱ्याखोट्याची होती आणि बाटली ही माणुसकीची. पोरीनं वही उघडली असती, तर एका ओळीत सगळं कळलं असतं.

सरांनी तिच्या खांद्यावरून वाचलं. खाकरले. "हं," एवढंच म्हणाले आणि तेही बाहेर गेले. दिवेवाले त्यांच्यामागं गेले. जया वही मांडीवर ठेवून माझ्यासमोर बसली. माझ्याकडं पाहिनासी झाली होती. दोघंही अपराधी, कोणी कोणाकडं पाहायचं?

पोडात व्हायचं ते झालंच. दिवे धरणाऱ्यांनी जे ऐकलं तेवढंच खाली नेलं. वहीतले दोन शब्द कुणी नेले नाहीत. पाण्याच्या रांगेत बाया रुपीबाईला चिडवू लागल्या, "भर वं रुपी, मॅडमची बाटली भरून घे आधी." हे मला जयानंच सांगितलं. कारण आता रुपीबाई येत नाही, जया येते. जमेल तसं, महिन्यातून दोन-तीनदा. मोहाच्या बिया घेऊन मोजायला बसते आणि मधेच चुकते.

"तीनदा गेलती मी त्यांच्या घरी," ती मला सांगते. "चहा देतात. बसा म्हणतात. सगळं नीट बोलतात. पण मॅडम म्हणतात, बुढोबा."

तिचं काम बुडालं नाही. उलट ती वहीच तिच्या कामाचा कणा झाली. त्या आकड्यांवरून तिनं पाण्याची चाल लावली, त्या चालीवरून मॅग्नेशियमचा हिशेब बसवला, आणि पाच बाटल्या कशा भरल्या गेल्या तेही सरळ लिहून टाकलं. सरांनीही आता मान डोलावली म्हणे. वहीच्या आकड्यांखाली तिनं रुपीबाईचं नाव घातलं आणि तो कागद दाखवायला पोडात नेला.

रुपीबाईनं कागद हातात घेतला नाही. "माह्यं नाव काढून टाका, मॅडम," म्हणाली. "खोट्या बाईचं नाव तुमच्या कागदावर कायले?"

"मावशी, खोटं तुमचं नव्हतं. माझं चुकलं. मी वही वाचली नाही, न् तुमाले इचारलंबी नाही."

"पोडात सांगतलं काय हे?"

सांगितलं नव्हतं; जयानं कागदाची घडी घातली. सांगायला हवं होतं चारचौघांत, जिथं नाव खराब झालं तिथं, दिवे धरणाऱ्या त्याच दोघांसमोर. घरात हळूच माफी मागून कसं फिटेल? हे तिला माझ्याजवळ बोलता बोलता कळलं. पुढच्या खेपेला पोडाच्या मधोमध उभं राहून वही मोठ्यानं वाचते, असं ती म्हणून गेली आहे. वाचेल, पोरगी तशी खमकी आहे. पण ऐकून रुपीबाईचं मन वळेल की नाही, हे मी सांगू शकत नाही. माणसाचं मन चुनखडीसारखं नसतं; एकदा आटलं की पुढच्या पावसाळ्यात आपोआप टपकू लागेल, असा काही नियम नाही.

लोक म्हणतील, दगडानं खरं तेच सांगितलं, त्याचा काय दोष? खरं सांगितलं, मान्य. पण मी अर्धं सांगितलं. पाण्यात काय होतं ते सांगितलं. ते कुणी दिलं, कोणत्या उन्हात दिलं, स्वतः कोरड्या घशानं राहून दिलं, हे माझ्याकडून सांगून झालं नाही. अर्ध्या खऱ्यानं एका बाईचं नाव पुसलं. त्या अर्ध्याचा भार मी वाहतोय.

पुन्हा चैत्र आला आहे. छताचा थेंब पुन्हा रेंगाळू लागला आहे, लवकरच थांबेल. माझं डोकं कोरडं पडेल, आणि या वर्षी त्यावर पाणी ओतायला कुणी येणार नाही.

त्या उन्हाळ्याचा पापुद्रा माझ्या माथ्यावर आहेच. काचेची पट्टी जयानं नेली, पण ओघळून माझ्यात उतरलं ते माझ्याजवळ राहिलं. त्यावर एका पावसाळ्याचा चुना चढला, पुढंही चढत राहील. कधी तरी, जया नसताना, तिची वहीही नसताना, कुणी शहाणा मला उभा चिरेल आणि त्याच्या यंत्राखाली धरेल. त्या बारक्या रेघेपाशी आला की तो कपाळाला आठ्या घालेल. म्हणेल, इथं बाहेरचं पाणी मिसळलंय, एवढा भाग सोडून द्या.

त्याला माझं सांगणं आहे: बाबा रे, तिथंच थांब. ते रुपीबाई टेकाम हिचं पिण्याचं पाणी आहे, वैशाखात दीड कोस चालून आणलेलं. त्या दुपारी तिलाही तहान लागली होती. मला ठाऊक होतं, तरी मी प्यायलो.